रामाजीची घागर

दिलीप धोटे यांच्या घराण्यात आजोबांच्या वर कोणी नव्हतं. म्हणजे असणारच, त्याशिवाय आजोबा आले कुठून. पण कोण होतं ते कोणाला ठाऊक नव्हतं. वयाच्या बासष्टाव्या वर्षापर्यंत दिलीपरावांचं त्यावाचून काही अडलं नाही. गंमत एवढीच की त्यांची सगळी नोकरी तहसिलीच्या नकल शाखेत गेली होती. बत्तीस वर्षं त्यांनी लोकांना जुन्या कागदांतून त्यांचे पणजोबा काढून दिले. कोणाला दाखल्यासाठी, कोणाला वाटणीसाठी. स्वतःच्या पणजोबासाठी मात्र त्यांनी कधी अर्जच केला नव्हता.

अडलं ते सौंसरला, मुलीच्या साखरपुड्यात. मृणालचं लग्न भिवाजी कामडे यांच्या अभिजीतशी ठरलं होतं. भिवाजींची संत्र्याची बाग होती आणि बागेचा अभिमान बैठकीच्या भिंतीवरही चढला होता. तिथे एक भलंमोठं संत्र्याचं झाड फ्लेक्सवर छापून लावलेलं होतं आणि प्रत्येक संत्र्यावर एकेका कामड्याचं नाव होतं. शेंड्याला अभिजीत, आणि त्याच्या शेजारी एक नवं, जरा हिरवट संत्रं: मृणाल. बुंध्याकडची नावं सोफ्याच्या पाठीमागे गेली होती आणि दिलीपराव नेमके त्याच सोफ्यावर बसले होते.

"सहा पिढ्या हायेत जी," भिवाजी म्हणाले. "तुमचं कुठवरी जाते?"

"जाते आमचंबी," दिलीपराव म्हणाले. कुठवर, ते त्यांनी सांगितलं नाही.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण भिवाजी पडले हौशी. लग्नात स्टेजच्या एका बाजूला कामड्यांचं झाड आणि दुसऱ्या बाजूला धोट्यांचं झाड लावू, पाहुण्यांना दोन्ही खानदानं दिसली पाहिजेत, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. सगळ्यांनी माना हलवल्या. दिलीपरावांनीही हलवली. परतीच्या वाटेवर पांढुर्णा येईपर्यंत ते मनात मोजत होते: मी, बाबा, आजोबा. तीन फळांचं झाड म्हणजे पाहणाऱ्याला वाटणार, यंदा रोग पडला.

घरी आल्याआल्या त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. तिच्यात जमिनीचा एक जुना कागद होता आणि त्यावर आजोबांचं नाव होतं: 'गणपत वल्द उ', म्हणजे 'उ'चा मुलगा गणपत. पुढचं वाळवीनं खाल्लं होतं. दिलीपरावांनी वहीत उद्धव, उमाजी, उत्तम अशी नावं लिहून काढली आणि कोणतं आपल्या घराला शोभतं याचा विचार करू लागले.

"उंदीर राहिला," विजयाबाई म्हणाल्या. त्या त्यांच्या पत्नी, आणि संसारात त्यांनी बरंच काही असंच हलक्या आवाजात सांगितलेलं होतं.

मग ते तिगावला जाऊन एका नव्वदीच्या मावसाजींना भेटले. मावसाजींनी पोहे संपेपर्यंत आपल्या गुडघ्याचा इतिहास सांगितला. तो तीन डॉक्टरांपर्यंत मागे जात होता. धोट्यांबद्दल त्यांना एवढंच आठवत होतं की ते लोधीखेड्याहून पांढुर्ण्याला आले. हे दिलीपरावांनाही माहीत होतं.

अशात आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आखितीला पितरांच्या नावानं पाणी भरायचं. दरवर्षी दिलीपराव पाणी सोडताना वडिलांचं नाव घेत, आजोबांचं घेत आणि मग आवाज जरा खाली आणून "आणि बाकीचे समस्त" म्हणून मोकळे होत. या वर्षी लग्नघर म्हणून विजयाबाईंनी माळ्यावरची जुनी पितळी घागर काढली आणि चिंचेनं घासली. काळपटपणा निघाला तशी गळ्याखाली टिपक्याटिपक्यांनी कोरलेली अक्षरं वर आली: 'रामाजी वल्द वामन, मु. लोधीखेडा'.

दिलीपरावांनी ते तीनदा वाचलं. चौथ्यांदा चष्मा पुसून वाचलं.

"ती बाजू राहू द्या," विजयाबाई म्हणाल्या. "सासूबाई ते नाव नेहमी भिंतीकडं करून ठेवत. त्या म्हणत होत्या का..."

पण दिलीपराव घागरीचे फोटो काढण्यात गुंतले होते. घर आपलं, घागर आपली, गाव आपलं. मग रामाजी कोणाचा? वाळवीनं खाल्लेल्या 'उ'चा बाप तो. आणि त्याचा बाप वामन. एका घागरीतून दोन पिढ्या निघाल्या. एवढ्या पुराव्यावर दुसऱ्या कोणाचा अर्ज आला असता तर याच दिलीपरावांनी त्यावर 'त्रुटी' असा शेरा मारून तो परत पाठवला असता. पण आपल्या अर्जावर आपणच बसलेलो असलो की शेरा वेगळा पडतो.

त्यांनी कपाशीचं झाड करवून घेतलं. प्रत्येक फुटलेल्या बोंडावर एक नाव, बुंध्याशी वामन. फ्लेक्स छापून येताच त्याचा फोटो भिवाजींना पाठवला, खाली लिहिलं, 'आमचं झाड'. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर मात्र आलं नाही. भिवाजी सकाळच्या गुलाबाच्या फुलालासुद्धा दोन फुलं परत पाठवणारे गृहस्थ होते.

दुसऱ्या दिवशी उत्तर गाडीतून आलं. भिवाजी उतरले, त्यांनी हात देऊन सुशीलाआत्यांना उतरवलं. आत्या म्हणजे भिवाजींच्या वडिलांची बहीण. वय चौऱ्याऐंशी, आणि कामड्यांच्या घरात त्यांनी हो म्हटल्याशिवाय मांडवाची बल्ली रोवली जात नसे.

"व्याहीबुवा," भिवाजी म्हणाले, "रामाजी तं आमचा हाय."

त्यांनी मोबाईलमध्ये आपल्या झाडाचा फोटो मोठा करून दाखवला. सोफा सरकवून काढलेला होता. बुंध्याशी वामन, त्याच्यावर रामाजी, गाव लोधीखेडा.

"आता एकच रामाजी तुमचाबी अन् आमचाबी असंल," भिवाजी चाचरत म्हणाले, "तं मतलब कूळ एक. अन् कूळ एक तं पोरगा-पोरगी बहीणभाऊ होऊन राहिले नं जी."

"आडनाव तं वेगळं हाय," दिलीपराव म्हणाले.

"आडनावाचं काय," आत्या म्हणाल्या. "मास्तरनं शाळेत जे लिवलं ते आडनाव. रामाजीले दुसरा पोरगा होता. भांडून पांढुर्ण्याकडं निघून गेला."

भिवाजी चमकले. "आत्या, हे तू आजवर कधी सांगतलं नाई."

"कोणी इचारलंच नाई." आत्यांनी दिलीपरावांना आपादमस्तक न्याहाळलं. "अन् नाक पाह्य याचं. अस्सल रामाजीचं."

रामाजी आत्यांच्या जन्माआधीच वारले होते आणि त्यांचा फोटो कोणी काढलेला नव्हता. पण नाकाचा पुरावा एकदा दाखल झाल्यावर तो खोडायचा कसा? एका कुळातलं लग्न आपण डोळ्यांनी पाहणार नाही, मांडवात येणार नाही, असं आत्यांनी शांतपणे सांगितलं. लग्न अकरा दिवसांवर होतं. आत्यांना सोडून अभिजीतच्या डोक्यावर अक्षता टाकणं आपल्याच्यानं होणार नाही, असं भिवाजी म्हणाले आणि दाराशी काढलेल्या जोड्यांकडे पाहत बसले.

मृणाल चहा घेऊन आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाले पणजोबा पाहिजे होता का जावई?"

तिनं ट्रे ठेवला आणि आत गेली. चहा कोणी घेतला नाही.

गाडी गेल्यावर दिलीपराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. विजयाबाई तांदूळ निवडत होत्या.

"सासूबाई सांगत," त्या मान वर न करता म्हणाल्या, "का तुमच्या आजोबाच्या लग्नात शेजाऱ्याच्या घरून भांडी आणली होती. वापस करतानी ही घागर राहून गेली. मंग आपले लोक गाव सोडून इकडं आले."

"अन् तू हे आज सांगून राहिली?"

"आखितीले सांगत होती. तुमी फोटो काढून राहिले होते."

दिलीपराव पाटावर बसले. "मतलब आपण चोर."

"चोर कायले? राहून गेली."

"शंभर वर्षं?"

"जास्तच राहून गेली," विजयाबाईंनी कबूल केलं.

आता दिलीपरावांपुढे दोन वाटा होत्या. रामाजीला धरून ठेवलं तर झाडावर पाच नावं राहत होती आणि लेकीचं लग्न मोडत होतं. रामाजीला सोडलं तर लग्न होत होतं, पण आपल्या वाडवडिलांनी शेजाऱ्याची घागर दाबली, हे व्याह्याच्या बैठकीत बसून सांगावं लागत होतं. त्या बैठकीत, जिथे 'जाते आमचंबी' म्हणून आले होते. मृणालच्या खोलीचं दार बंद होतं. दिलीपरावांनी त्या दाराकडे दोनदा पाहिलं आणि मग आयुष्यभर जे येत होतं तेच केलं. त्यांनी कागद घेतला आणि अर्ज लिहिला.

सकाळी घागर पिशवीत घालून ते सौंसरच्या बसमध्ये बसले. भिवाजींच्या बैठकीत, आत्यांच्या समोर, उभ्यानं त्यांनी अर्ज वाचला. "विषय: रामाजी वल्द वामन यांचेवरील दावा मागे घेणेबाबत. सविनय निवेदन की, सदर घागर अर्जदाराच्या पूर्वजांनी लग्नकार्याकरिता शेजारधर्माने नेली व परत करणे राहून गेले. सबब अर्जदाराचा रामाजींशी घागरीपलीकडे कोणताही संबंध नाही. घागर सोबत जोडली आहे."

'राहून गेले' हे शब्द तेवढे त्यांनी जरा घाईनं वाचले.

मग आत्या म्हणाल्या, "मले वाटलंच होतं. नाक आमचं नाईच ते."

"अन् तो भांडून गेलेला पोरगा?" भिवाजींनी विचारलं.

"तो दुसऱ्या कोणाचा असंल," आत्या म्हणाल्या आणि चहा मागवला.

भिवाजींच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं आणि ते उतरलं की माणसाला थट्टा सुचते. "बरं झालं तुमच्या आजोबाइनं घागर ठेवून घेतली. नाई तं तुमाले रामाजी भेटला नसता, अन् आमाले एवढा मोठा अर्ज." मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "आमच्या घरात तसं नाई जी. दुसऱ्याचा चमचाबी राहत नाई. सहा पिढ्या झाल्या." दिलीपरावांनी मान खाली घालून ते ऐकून घेतलं. ऐकून घेण्यासारखंच होतं. घागर रुखवतात मांडा, सुनेसोबत आपल्या घरी येऊन जाईल, असा तोडगा भिवाजींनीच काढला.

लग्न थाटात झालं. आत्या पहिल्या रांगेत बसल्या. स्टेजच्या एका बाजूला सहा पिढ्यांचं संत्र्याचं झाड होतं, दुसऱ्या बाजूला नव्यानं छापलेली कपाशी. तिच्यावर तीनच बोंडं होती आणि बुंध्याशी लिहिलेलं होतं, 'आणि बाकीचे समस्त'. पाहुण्यांची गर्दी मात्र रुखवतापाशी होती, कारण भिवाजी तिथे उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला घागर दाखवत होते. "ही आमचीच हाय जी," इथून गोष्ट सुरू होई आणि दिलीपरावांच्या अर्जापाशी संपे. जेवणाच्या दुसऱ्या पंगतीपर्यंत अर्धा मांडव तो अर्ज तोंडपाठ म्हणत होता. दिलीपराव वाढप्यांवर लक्ष ठेवायच्या निमित्तानं मागच्या बाजूला राहिले.

चार दिवसांनी मृणालला माहेरी आणायला ते आणि विजयाबाई सौंसरला गेले. व्याही पहिल्यांदा सुनेला न्यायला आले, म्हणजे रीतीनं पाय धुवायचे. भिवाजींच्या पत्नी प्रेमलताबाईंनी खास अशा वेळी काढायची जुनी पितळी परात आणली, दिलीपरावांना त्यात उभं केलं आणि भिवाजी तांब्यानं पाणी घालू लागले. आत्या झोपाळ्यावर बसून देखरेख करत होत्या.

दिलीपरावांची नजर खाली गेली. बत्तीस वर्षांची सवय. जिथे अक्षर दिसेल तिथे वाचायचं. पाण्याखाली, त्यांच्या उजव्या अंगठ्यापासून निघून डाव्या टाचेखाली जाणारी टिपक्याटिपक्यांची ओळ होती. त्यांनी डावा पाय उचलला.

'उकंडा वल्द झिंगर, मु. लोधीखेडा. चि. गणपत याचे लग्नात.'

ते एका पायावर तसेच उभे राहिले. मग लक्षात आलं की दुसराही पाय पणजोबांवरच आहे, तेव्हा त्यांनी तोही काढला आणि फरशीवर पाण्याचं थारोळं करत उभे राहिले.

"काय झालं जी?" भिवाजींनी विचारलं. "पाणी गरम हाय का?"

"परात कोणाची?"

"घरचीच हाय," प्रेमलताबाई म्हणाल्या. "मी लग्न होऊन आली तवापासून हायच."

भिवाजींनी वाकून वाचलं. वाचता वाचता त्यांचा तांब्या कलंडला आणि उरलेलं पाणी त्यांच्याच पायावर गेलं. आत्यांनी झोपाळा थांबवला.

"त्या लग्नात भांडी इकडची तिकडं झालीच होती म्हणत," त्या म्हणाल्या.

हे आधी का सांगितलं नाही म्हणून यावेळी त्यांना कोणी टोकलं नाही.

दिलीपरावांनी परातीतलं पाणी तुळशीला घातलं, उपरण्यानं परात कोरडी केली आणि दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावली. उद्धव नव्हता, उमाजी नव्हता. पोर जगत नसेल म्हणून कोणा माउलीनं उकिरड्यावर ठेवून परत उचललेला उकंडा होता, आणि त्याच्या मागे एक झिंगरही होता. दोन बोंडं एकदम.

"उंदीर नाई निघाला," विजयाबाई हळूच म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

भिवाजी ओल्या पायांनी उभे होते. भिंतीवरच्या सहा पिढ्या त्यांच्या पाठीशी होत्या, पण त्यांच्याकडे वळून पाहायचं त्यांनी टाळलं. शेवटी ते व्याह्यांच्या जवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "व्याहीबुवा, याचं... लिहून द्या लागंल का?"

"नमुना हाय माझ्यापाशी," दिलीपराव परात काखेत धरत म्हणाले. "फक्त नावं बदला लागते."