रघूच्या कुंपणावरचा गोळीबार

"अर्ध्या तासात रघू माझ्याशी बोलला नाही, तर मिशी उतरवीन!" दाजींनी जाहीर केलं.

त्यांची बायको हिरा कोळंबी सोलत होती. तिने मानही वर केली नाही. "बारा वर्षांचा अबोला अर्ध्या तासात? बरं!"

दाजी आणि शेजारचा रघू, दोघेही रत्नागिरी बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करून म्हातारे झालेले. तरुणपणी दोघांना व्यसन एकच, एसटी स्टँडवर मिळणाऱ्या काउबॉयच्या पॉकेटबुकांचं! पिवळट कागद, वर उधळलेला घोडा, पानापानाला गोळीबार! घोडा म्हणाल तर दोघांनी वरातीतलाच पाहिलेला, तोही पेंगणारा. पण एप्रिलात गावावरच्या सड्यावरचं, त्या उघड्या माळावरचं गवत वाळलं, की ते तिथल्या कातळावर जाऊन बसत. तांबडी जमीन, लांब एखादं झाड, वर घार. "हेच रे ते, पुस्तकातलं," रघू म्हणायचा. त्या गोष्टींतली माणसं कमी बोलायची आणि दिला शब्द पाळायची, याचं दोघांना भारी अप्रूप. पुढे दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून भांडण झालं. गोष्टींतलं कमी बोलणं तेवढं दोघांनी पाळलं!

आता साखरेने रघूची नजर गेली होती. सून कामावर गेली, की तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतो, असं हिराने सांगितलं आणि दाजी अर्ध्या ताटावरून उठले.

दुपारी काउबॉयचं एक जुनं पुस्तक काखेत मारून ते गेले. रघूने दार उघडलं. "कोण?"

माफीची चार वाक्यं दाजींनी पाठ केली होती. एकही बाहेर येईना! ते आत शिरले, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून कडी घातली, स्टुलावर बसले आणि सरळ पहिल्या पानापासून वाचायला लागले.

आवाज ओळखून रघूची मान ताठ झाली. पाच पानं तो दगडासारखा गप्प. सहाव्या पानावर दाजींची जीभ घसरली आणि घोडा काळा झाला.

"काळा नव्हे, तांबडा घोडा," रघू म्हणाला.

बारा वर्षांनी पहिला शब्द! दाजींना असं भरून आलं, की पुढचं पान त्यांनी बंदरावरच्या आवाजात वाचलं. "हे कुंपण माझं आहे! एक पाऊल पुढे टाकलंस, तर इथेच आडवा करीन!"

नेमकी तेव्हाच शेजारची मथुरा अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. "अगो बाय! गडग्यावरून खून!" ती धावत सुटली. हिराला बातमी कळली, तेव्हा दाजींच्या हातात कोयती होती. नाक्यावर रिक्षावाल्या सूरजपर्यंत बातमी पोचेतो कोयतीची बंदूक झाली होती!

हिरा तशीच ओल्या हातांनी धावली. "अहो, दार उघडा! जळला मेला तो गडगा! जीव नका घेऊ कुणाचा!"

आतून गर्जना आली, "मोज तुझे शेवटचे श्वास!"

धावत आलेल्या सूरजने दाराला खांदा लावला. तिसऱ्या धडकेला दार बिजागऱ्यांसकट आत!

समोर दाजी, दोन बोटं रोखून. रघू दोन्ही हात वर करून बसलेला. मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू!

"मेल्या दाजी, आंधळ्यावर उठलास?" सूरजमागून मथुरा किंचाळली.

"मथुरे, गप्प!" रघू ओरडला. "आत्ता कुठे आम्ही सड्यावर पोचलोय!"

दाजींनी बोटं हळूच खिशात घातली. हिरा मटकन उंबऱ्यावर बसली.

"दाजी," रघू हात खाली घेत म्हणाला, "गडगा वीतभर मीच सरकवला होता."

"सोड. मीही तुला नको ते बोललो. चूक माझीच."

"माझी म्हणतोय ना!"

"अरे, माझी!"

"आता यावरून भांडू नका!" सूरज कळवळला. त्याचा खांदा अजून ठणकत होता.

दुसऱ्या दिवशी दाजी पुस्तक घेऊन आले, तर रघूची पडवी भरलेली. मथुरा, तिच्या दोन जावा, हिरा आणि रिक्षा नाक्यावर सोडून आलेला सूरज. स्टूल मथुरेने अडवलं होतं. वाचणाऱ्याला बसायला जागा ठेवायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं!

"उभ्यानेच वाच," रघू म्हणाला. "आणि जरा हळू. बहिरा नाही झालो अजून."