नक्षीकार आज्ञावलीचें मोल ठरलें त्याची हकीकत

श्री. विद्येची देवता प्रसन्न असो, ऐकणारांचे कान जागे असोत, आणि लिहिणाराचे हातून अधिकउणें न घडो. शके १९४५, शोभननाम संवत्सर, चैत्रमासीं वर्तमान जाहलें तें ऐसें कीं, एका राज्यांत विणकरांची पेठ होती, आणि त्या पेठेंत मैनावतीबाई कोष्टी संगणकविद्येंत बहुत निपुण होत्या. बाईंनीं परमुलखाची चाकरी सोडिली, आणि तीन वर्षें घरीं बसून एकहातीं एक आज्ञावली रचिली, आणि तिचें नांव नक्षीकार ठेविलें. तिचा गुण हा कीं, कागदावरील वेलबुट्टी संगणकास दाखवावी, आणि कोणता धागा वर, कोणता खालीं, हें त्यानें चौकटीचौकटीनें सांगावें. महिन्याचें काम दोन दिवसांत व्हावें. पेठ बहुत संतोष पावली. मग प्रश्न पडला कीं, ही आज्ञावली लोकांस कोणत्या बोलीनें द्यावी आणि मोल काय घ्यावें.

प्रथम बाईंनीं दरमहा भाडें बांधिलें, आणि भाडें न आल्यास आज्ञावलीस आपोआप कुलूप पडावें ऐसी तजवीज केली. दोन मास सुरळीत गेले. तिसरे मासीं रखमाजी भंडगे, पेठेंतील वृद्ध विणकर, नातीचे लग्नास परगांवीं गेले आणि भाडें भरावयाचें विसरले, आणि परतून पाहतात तों अर्धा उतरविलेला मोर कुलपाआड. मग ते तडक बाईंचे दारीं आले आणि बोलिले, "मैना, मोर माझे बापानें काढिला. माग माझा, हात माझे. मग कुलूप तुझें कां?" बाईंनीं तत्काळ कुलूप काढिलें, आणि लाजेनें जाहीर केलें कीं, आजपासून नक्षीकार अवघ्यांस फुकट.

मग जें जाहलें तें पुसूं नये. गांवोगांवच्या लोकांनीं आज्ञावली नेली, आणि दिवसभर फोन वाजूं लागले, आणि कोणी म्हणे हत्ती उलटा आला, कोणी म्हणे किनारच गायब, आणि बाई सर्वांस उत्तरें देतां देतां शिणल्या, आणि मिळकत शून्य. यजमान पुंडलीकराव शाळेंत मास्तर, त्यांचे एकट्याचे पगारावर संसार. त्यांनीं हळूच विचारिलें, "पुन्हा चाकरी धरितेस काय?" तोच विचार बाईंचे मनींही येऊन गेला होता.

हें वर्तमान तीनशें मागांचे गिरणीधनी आबासाहेब मोहरीर यांस कळलें. ते खासा घरीं आले, चहा घेतला, आणि बोलिले, "बाई, सर्व हक्क मजला लिहून द्या. नवें घर बांधाल एवढी रक्कम देतों. अट एकच, दुसऱ्या कोणास ही मिळूं नये." बाईंनीं आठ दिवसांची मुदत मागितली, आणि त्या आठ दिवसांत जेवल्या कमी आणि पेठेंत हिंडल्या फार. एके दिवशीं रखमाजींचे घरीं गेल्या तों त्यांची सून चंपाबाई, जिनें आजवर दुसऱ्यांचीच नक्षी विणिली, ती संगणकापुढें बसून आपले मनानें सायकलींची किनार रचीत होती आणि एकटीच हंसत होती. बाईंनीं तें पाहिलें आणि निश्चय केला कीं, विकणें नाहीं.

मग विणकरांची सभा भरली, आणि आबासाहेबही येऊन मागें बसले, आणि बाईंनीं एका पानाचा परवाना सोप्या बोलींत वाचिला. "घरीं माग असणारानें एकदांच तीनशें रुपये द्यावे आणि जन्मभर वापरावें. कुलूप नाहीं. नक्षी ज्याची त्याची. शिकणारास फुकट."

रखमाजी उठून गर्जले, "नामंजूर!"

सभा चकित जाहली. बाईंचा चेहरा उतरला.

"तीनशें? तूं उद्यां चाकरीस गेलीस तर आमचा हत्ती सुलटा कोण करील? दोन हजार घे!"

"काका, फार होतात. पांचशें."

"अठराशें!"

"सातशें. वर एक रुपया नाहीं."

"मग मजला नकोच तुझी आज्ञावली!" ऐसें म्हणून रखमाजी रुसून चालूं लागले. तेव्हां चंपाबाई मधें पडल्या आणि बोलिल्या, "मामंजी, बसा. मैनाताई, बाराशें, आणि मान हालवा, नाहीं तर माझी किनार आतांच उसवितें."

बाईंनीं मान हालविली, आणि सभेंत ऐसा हंशा जाहला कीं शेजारचे माग थांबले. मग आबासाहेबांनीं मागून विचारिलें, "आणि आम्हांस?"

अवघी सभा एकमुखें बोलिली, "दर मागास बाराशें! दरसाल!"

आबासाहेबांनीं बोटांवर तीनशें मागांचा हिशेब केला, कपाळास हात लाविला, आणि तेही हंसूं लागले. म्हणाले, "सारी पेठ जिचें मोल चढविते, ती वस्तु एकट्यानें कोंडून कोण ठेवील? द्या तुमचा कागद." ऐसें म्हणून तेथेंच सही केली.

येणेंप्रमाणें विकणारीनें मोल उतरवावें आणि घेणारांनीं चढवावें, ऐसी घासाघीस त्या राज्यांत पूर्वीं कोणी ऐकिली नव्हती. बाई चाकरीस गेल्या नाहींत, पेठेस कुलूप पडलें नाहीं, आणि परवाना आजतागाईत एका पानाचाच आहे. जाणत्यांचे मुखें ऐकिलें तैसें लिहिलें.