मंगळ म्हंजे गंज

शेळकेनानांच्या घरी पाहुण्याला पाण्याआधी सूर्यमाला मिळायची. मी शेजारी, त्यामुळे माझ्या वाट्याला ती आठवड्यातून दोनदा येई.

नाना पिंपरीच्या एका कारखान्यात होते. तयार सुट्या भागांना गंज चढू नये म्हणून तेल लावायचं, त्या खात्यावर त्यांची देखरेख. आणि विद्या म्हणाल तर कामगार केंद्रात ऐकलेलं एकच व्याख्यान. त्यातही दिवे मालवल्यावर नानांना डुलकी लागलेली, त्यामुळे त्यांच्या सूर्यमालेत बुधाचा पत्ताच नव्हता.

पाहुण्याच्या कपात ते खुशाल चमचा फिरवत आणि तळाची चहापूड मध्ये गोळा झालेली दाखवत. "आधी निस्ता धुरळा आन वायू. गरागरा फिरला. मधल्यानं समदा माल वढला, त्यो सूर्य. उरल्यासुरल्या चुऱ्यात आपलं भागवलं." भट्टीजवळ दगड आणि लोखंड टिकलं, हलका माल लांब राहून फुगला, तो गुरू आणि शनी. इथे ते कारखान्याच्या मोठ्या साहेबांचं नाव हमखास घेत. चहा गार झालेला असे, आणि चमचा नानांनी आधी कशात घातला होता हे विचारायची सोय नसे.

हे सगळं चाललं असतं, पण नानांची सुमन लग्नाची होती. पोरगी गुणी, कंपनीच्या शाळेत शिकवणारी, आणि पत्रिकेत मंगळ. स्थळं यायची, नानांचं व्याख्यान ऐकून जायची.

मोशीचं स्थळ चांगलं होतं. मुलाला सुमन आवडली होती. त्याच्या मामांनी फक्त हळूच पत्रिका विचारली. नानांनी मामांच्या कपात चमचा घातला.

"मंगळ हाय. मंगळ म्हंजे काय, दगड-लोखंडाचा गोळा, वर गंज चढलेला. गंजाला भ्यायचं आसंल तर आमच्या खात्यात एक दिस टिकणार न्हाई तुमी."

मामा खात्यात नव्हते. ते उठले आणि मुलालाही उठवून घेऊन गेले. सुमन आत गेली ती बाहेर आलीच नाही.

मला संताप आला. मी म्हटलं, "नाना, थेरगावचा जोशी मंगळ काढून पत्रिका करून देतो. निम्म्या कॉलनीची लग्नं तशीच झालीत. कुणाला कळणार आहे?"

मला वाटलं, आता शुक्रापासून सुरुवात होणार. पण नाना खाली बघत बसले.

"सुमीला कळंल की," ते म्हणाले. "तिच्या आईची पत्रिका अशीच बदलली व्हती. लग्नानंतर तिनंच मला रडत सांगितलं. मला निस्ती शिंक आली तरी उपास धरायची. ताप आला तर पाणी बी सोडायची. उपास करून करून खंगली. मी हाय धडधाकट, तीच गेली."

आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

"ह्ये समदं मागनं, त्या व्याख्यानात कळलं, राव. तवा ठावं आसतं, तर तिला येवढंच सांगितलं आसतं की निस्ता गंज हाय त्यो. जेव."