दारात अडकलेलं कमिशन

कपाट जिन्यात

"डावीकडे घ्या. माझी डावी, तुमची नाही."

घरांच्या दलालाने दारातून वाकून हमालांना सांगितलं, घड्याळ पाहिलं, पुन्हा वाकला. बंगला विकणारे निवृत्त कॅप्टन आणि तो घेणारी दातांची डॉक्टरीण आता येतीलच. कित्येक महिने त्याने दोघांना एकमेकांचा वारा लागू दिला नव्हता. धंद्याचा पहिला नियम तोच: विकणारा आणि घेणारा यांची गाठ दलालासमोरच पडायची, त्याआधी एकाला दुसऱ्याचं नावसुद्धा कळता कामा नये. आज त्याच्या घरातल्याच ऑफिसात, टेबलापाशी ती पडणार होती. वर्षातला हा एकच मोठा सौदा.

आणि मध्येच हे कपाट. सासऱ्यांचं.

त्याआधी, सासरी

"कपाट विकून देतो की, बाबा. दलाली तेवढी ठरवा."

"दलाली कशाला? कमिशन देतो. दुप्पट."

"चालेल. एकच ते."

सासऱ्यांचा जन्म गोदामात गेला होता. "एकच कसं, जावईबापू? दलाल गाठ घालून देतो आणि हात झटकतो. माल मालकाच्याच घरी. कमिशनवाला माल आपल्या ताब्यात घेतो, विकेपर्यंत सांभाळतो. ओरखडा आला तर त्याच्या माथी."

जावईबापूंच्या कानात 'दुप्पट' शिरलं होतं. मागचं सगळं बाहेर राहिलं.

कपाट दारात

अर्धं आत आलं आणि चौकटीत असं बसलं की जणू सुताराने माप घेऊन केलं असावं.

"पुढेही नाही, मागेही नाही," पलीकडून हमाल म्हणाला. "दोर आणतो." पावलं जिना उतरून गेली.

नवरा आत. कपाटामागून वर आलेली बायको बाहेर. दार एकच. वर हातभर फट.

"अहो, पाय कापायचे का त्याचे?"

"थांब, बाबांना विचारतो."

सासरे फोनवर शांत होते. "खिळा काढायचा तरी मला विचारून. ताबा तुमचा, मालकी माझी."

तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. त्यामागे चपला.

दलालाने कपाटाची दारं उघडली, आत शिरला आणि पाठीच्या फळीला कान लावला.

"तुमचंही इथेच काम?" कॅप्टनचा आवाज.

"हो, बंगला घेतेय. बाग आहे, मागे विहीर आहे."

"विहिरीला निळा कठडा?"

"सांगू नका," कपाट म्हणालं.

बाहेर दोघांनी कपाटाकडे पाहिलं.

"ते आत आहेत," बायकोने खुलासा केला.

"मग आपलं आपणच ठरवू की," कॅप्टन डॉक्टरणीला म्हणाले. "मध्ये हे कशाला?"

"अगं, त्यांना थांबव. चहा विचार."

"कुठून विचारू? स्वयंपाकघर तुमच्याकडे आहे."

बूट जिना उतरू लागले. चपलाही. मग बायकोच्या सपाताही. दलाल कपाटात उठला, डोकं दांडीवर आपटलं, बसला, पुन्हा उठला. बायकोला फोन लावला. तो त्याच्याच टेबलावर वाजला. कॅप्टनना लावला. त्यांनी कापला. डॉक्टरणीचा नंबर पाठ होता, पण त्या क्षणी शेवटचे आकडे आठवेनात. खिडकीतून पाहावं तर दिसला फक्त दोर शोधायला गेलेला हमाल, टपरीवर, निवांत.

कपाट अजून दारातच

सपाता वर आल्या.

"झालं," बायको म्हणाली.

"काय झालं? गेले ना दोघं?"

"सौदा झाला. कॅप्टन भावावर अडून बसले, डॉक्टरीण निघालीच होती. मी म्हटलं, तुम्ही एक पायरी उतरा, तुम्ही एक चढा. जमलं."

"आणि दलाली?"

"द्यायला तयार नव्हते. मी विचारलं, या जिन्यापर्यंत तुम्हाला कुणी आणलं? दोघंही ओशाळले. दोघांनीही चेक दिले."

कपाटातून मोठा श्वास ऐकू आला. "लक्ष्मी आहेस बघ. सरकव वरच्या फटीतून."

"कशाला? माझ्या नावाचे आहेत."

"तुझ्या?"

"गाठ कुणी घालून दिली? आणि माल कुणाच्या हातात नव्हता? माझ्या. म्हणजे आजची दलाल मी." ती जिन्याकडे वळली. "तुमचं आज कमिशनचं काम आहे ना? माल सांभाळा. मी बाबांना सांगून येते, ओरखडा नाही म्हणून."

सपाता उतरून गेल्या. मग आतून कोणीतरी दारं हळूच ओढून घेतली.