कॅमेऱ्याचं घरकुल

धोंडीबा रोज सकाळी अंगणात बादली भरायचा आणि तिच्यात एक कोरडा कागद बुडवायचा. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीत एक दगड. मग उकिडवा बसून घड्याळाकडे बघायचा. अर्ध्या तासाने पिशवी उघडून कागद गालाला लावायचा, "ओला हाय," म्हणायचा आणि पिशवी कुंपणावर वाळत टाकायचा. पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीत कुणाला पत्ता सांगायचा तर 'पिशव्यांच्या कुंपणापासून डावीकडे' असंच सांगत.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत बॉयलरवर नोकरी करून निवृत्त झालेला हा माणूस. निवृत्तीनंतर लोक भजनाला लागतात, हा पाण्याखालच्या फोटोला लागला. का, ते सांगायचा नाही. "आधी आत बघू, मग बोलू," एवढंच. बॉयलरवर साहेबांनाही म्हणे हेच सांगायचा.

कॅमेरा स्वस्तातला हवा होता. महाडच्या दुकानात त्याच्याबरोबर मी जायचो, कारण मी कचेरीत कारकून होतो आणि मला इंग्रजी येतं असा वाडीचा समज होता. माझाही होता.

दुकानदार म्हणाला, "काका, हा वॉटर रेझिस्टंट आहे. पाण्याला विरोध करतो."

"विरोध तर आमीपन करतो पुराला. तो ऐकतो?"

"पावसात चालेल. बुडवायचा नाही."

"पावसात काय वेगळं पानी असतं?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी खोक्यावरचं इंग्रजी वाचत असल्यासारखं केलं. दुसऱ्या एका खोक्यावर तीस मीटर लिहिलं होतं. ते खोल की लांब, आम्हाला कळेना. धोंडीबा म्हणाला, लांबच असणार, एवढ्याशा खोक्यात खोल कसं मावेल? मला पटलं.

शेवटी दुकानदाराने वैतागून चिठ्ठीवर लिहून दिलं : जुना छोटा कॅमेरा चालेल, पण हाउसिंग घ्या.

"हाउसिंग म्हंजे काय ओ, भाऊसाहेब?" धोंडीबाने एसटीत विचारलं.

आता खरं लिहितो. मला माहीत नव्हतं. पण माहीत नाही असं म्हणायची सवय नव्हती. "घरकुल," मी म्हणालो.

"कॅमेऱ्याला घरकुल?"

"ओल लागू नये म्हणून पक्क्या घराचा दाखला मागत असतील. सरकारी काम आहे."

दुसऱ्या दिवशी धोंडीबा पंचायतीत घरकुलाच्या अर्जाच्या रांगेत.

"नाव?"

"माजं का कॅमेऱ्याचं?"

हा किस्सा महाडपर्यंत गेला. चहाच्या टपरीवर लोक विचारायचे, "काय धोंडीबा, कॅमेऱ्याची वास्तुशांत कधी?" मीही हसायचो, सगळ्यांत मोठ्याने. रांगेत लोकांनी त्याला विचारलं होतं, हे तुला सांगितलं कुणी? तो म्हणाला होता, "कुनी नाय. माज्याच डोक्यातून आलं."

तीन दिवस कसेबसे काढून मी त्याच्या घरी कबुली द्यायला गेलो. तो नव्हता. आत त्याची बायको, लक्ष्मीवहिनी, खाटेवर होत्या. अर्धांगाचा झटका आल्यापासून तिथेच. मला पाहताच म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुमी तरी खरं सांगा. माजा फाटक्या शेपटीचा जिता हाय ना?"

नदीच्या डोहात देवाचे मासे आहेत. त्यांना कुणी धरत नाही, पाण्याबाहेर काढत नाही. वहिनी वीस वर्षं रोज त्यांना कुरमुरे घालायच्या आणि फाटक्या शेपटीचा एक थेट त्यांच्या हाताशी यायचा. आता धोंडीबा जात होता आणि रोज येऊन सांगत होता, "आला व्हता."

"मला बरं वाटावं म्हनून सांगतात," वहिनी म्हणाल्या. "यांना समोरची म्हैस दिसत नाय, पान्यातला मासा काय दिसनार?"

मग मला कळलं, फोटो कशाला हवा होता.

तेवढ्यात धोंडीबा आला. त्याला अंगणात नेऊन मी सगळं सांगितलं.

"मला रांगेतच कळलं व्हतं," तो म्हणाला. "पन तुमचं हसं झालं, तर वाडीचे कागद कोन वाचनार?"

दुकानदाराला मी पहिल्यांदाच सरळ विचारलं. हाउसिंग म्हणजे कॅमेऱ्याची घट्ट मिटणारी पारदर्शक पेटी. जुन्या कॅमेऱ्यासकट वापरलेली एक त्याने मिळवून दिली. बादलीत कागद कोरडा राहिला. धोंडीबाने तो तीनदा आपल्या गालाला लावला, मग माझ्या.

कॅमेरा पेटीत कोणत्या बाजूने ठेवायचा यावर आमचा वाद झाला. माझं ऐकलं गेलं. व्हिडिओ चालू करून कॅमेरा दोरीने डोहात सोडला, कुरमुरे टाकले, वर काढला आणि घरी आणून वहिनींच्या हातात दिला.

मासा कुठेच नव्हता. कॅमेऱ्याने सगळा वेळ वर पाहिलं होतं. हिरवं पाणी, वरून पडणारे कुरमुरे आणि त्यांच्यावर वाकलेला, हलणाऱ्या तोंडाचा धोंडीबा.

"बाजू माझ्यामुळे चुकली, वहिनी. यांचा दोष नाही," मी म्हणालो. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"कुनाशी बोलत व्हतात ओ?"

"त्याच्याशीच गो." धोंडीबा खाटेच्या कडेला टेकला. "रोज तुजं इचारतो. सांगत व्हतो, जरा दम धर, येईल ती."

वहिनींनी ते पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.