अप्पांची राहिलेली शिक्षा

लातुरात भर बाजारात मोटारसायकल ढकलत चाललेला माणूस दिसला, तर ते आमचे शेजारी बसवंतअप्पा. मागच्या सीटवर गंगाकाकू, काकूंच्या मांडीवर भाजीची पिशवी, आणि हँडल धरून घामाघूम अप्पा. "पेट्रोल संपलं का?" कुणी विचारलं, की अप्पा शांतपणे सांगत, "टाकी फुल्ल हाय. लायसन न्हाई."

बऱ्याच वर्षांपूर्वी नांदेडच्या लग्नाहून परतताना अप्पांनी पिऊन गाडी पाडली होती. काकूंचा पाय मोडला, तो आखूडच राहिला. कोर्टानं दंड केला, काही महिने लायसन बंद केलं आणि सरकारी दवाखान्यात पंधरवडाभर साफसफाई करायला सांगितलं. अप्पांनी दंड भरला, दारू कायमची सोडली. पण दवाखान्यातून पहिल्याच दिवशी पळून आले. पुढं लायसनबंदीची मुदत सरली तरी ते लायसन परत आणायला गेले नाहीत. "शिक्षा अर्धी हाय. कोन्त्या तोंडानं मागू?"

"मग पुरी करा ना, अप्पा," मी म्हणायचो.

"करूनच राहिलो की," म्हणत ते गाडी ढकलू लागत.

यंदा कोर्टाची नोटीस आली. मी सोबत गेलो. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "इतकी वर्षं का गेला नाहीत?"

"भ्यालो, बाई."

"झाडूला?"

"न्हाई. हाडांच्या वॉर्डाला."

बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावली. या वेळी अप्पा रोज गेले. शेवटच्या दिवशी मी त्यांना आणायला गेलो, तर ते ओला पोछा हातात धरून नुसतेच उभे. समोरच्या खाटेवर हाताला प्लास्टर घातलेली एक तरुण बाई पोलिसाला सांगत होती, "त्यांनी घेतली नव्हती. मागं बसून मलाच डुलकी लागली, म्हणून गाडी हलली." नवरा मान खाली घालून बसलेला.

रस्त्यात अप्पा एवढंच बोलले, "आमच्या हिनंबी हेच सांगितलं होतं. ह्याच वॉर्डात."

संध्याकाळी काकू ओसरीवर तूर निवडत होत्या. अप्पा त्यांच्या पायाशी बसलेले मला खिडकीतून दिसले.

"गंगा, पाय दुखतो का गं?"

काकूंचा हात सुपातच थांबला. "आज कसं काय इचारलं?"

"दुखतो का?"

"थंडीत लई दुखतो. तुमी कदी इचारलं न्हाई, म्या सांगितलं न्हाई."

अप्पा आत गेले, वाटीत कोमट तेल घेऊन आले आणि त्यांनी तो पाय मांडीवर घेतला.

"लोक बघतेत की," काकू म्हणाल्या.

मी खिडकी लावून घेतली.