तासभर गप्प

तीन वाजता आरोही पिंपळवंडीत शेजारच्या लंकाआजींच्या ओट्यावर वही घेऊन बसली, तेव्हाच तिचा एक डोळा घड्याळावर होता. कारण पाचच्या आत नोंदी फोनवरून कॉलेजात गेल्या नाहीत, तर मानव विकासाच्या एम.एस्सी.चं एक सेमिस्टर गेलंच समजा! काम एवढंसंच: तीन वर्षांचं मूल सलग तासभर बघायचं आणि लिहायचं. बोलायचं नाही, हात लावायचा नाही. आधी दोनदा मॅडमनी नोंदी परत केल्या होत्या. एकदा तिनं पोराचं नाक पुसलं, एकदा नुसतं "अरे अरे" म्हणाली!

"बसलीच हायेस तर माझ्या नातवाकडं, समर्थकडं बघ जरा," म्हणत लंकाआजी स्वयंपाकघरात चहा टाकायला गेल्या.

"आजी, मी फक्त बघणारे हां!"

"मंग? मी काय येगळं सांगितलं?"

समर्थनं आधी खुराड्याचं दार उघडलं. सात कोंबड्या अंगणभर. आरोहीनं लिहिलं, 'कुतूहल चांगलं.' मग त्यानं निवडून ठेवलेले टोमॅटो एकेक करून कोंबड्यांना मारले. 'नेम सुधारतोय.' मग स्वारी वळली स्वयंपाकघराकडे. दार ओढलं आणि खालची कडी खाड्‌कन सरकवली.

"आरोहे! दार कुणी लावलं गं?"

आरोहीनं ओठ चावले. तीन एकोणचाळीस.

"पोरी, बहिरी झाली का काय? उघड की!"

'बोटांवर उत्तम ताबा,' आरोहीनं लिहिलं. आत थाळी आपटली, दार हादरलं, आरोहीच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. समर्थ टाळ्या वाजवत होता.

आणि मग आतून आवाज बंद.

एक मिनिट. दोन. पाच. तीन पंचावन्न. आजी चक्कर येऊन पडल्या तर? आणि गॅस! गॅस चालू असणार! आता पाचच मिनिटं उरली होती. पण कसली मिनिटं आन्‌ कसलं काय, वही फेकून ती धावली आणि कडी काढली.

लंकाआजी भिंतीला टेकून, पाय लांब पसरून चहा पीत होत्या.

"कडी का काढली गं?"

"तुम्ही ठीक आहात ना, आजी?"

"हे कार्टं झाल्यापासनं गरम चहा पयल्यांदा पिती मी. तुझा तास झाला का?"

"मोडला," आरोही रडवेली झाली. "आता पहिल्यापासनं."

"लई ब्येस! लाव मंग कडी."

तीन सत्तावन्न. पाचला तीन मिनिटं कमी असताना संपेल, जमेल! आरोहीनं कडी लावली, नवं पान उघडलं, तोंड मिटलं.

समर्थ थेट दारापाशी आला. आपली कडी दुसऱ्या कुणी लावलेली त्याला अजिबात खपली नसावी. त्यानं ती धरली.

"आरोहे, कडी वाजती गं! धर त्याला! उघडू नगं देऊ!"

आरोहीनं ओठ चावले आणि लिहिलं, 'आजीची ओढ फार.'